क्रमांक एक, वेतने अनेक : १०८ रुग्णवाहिका कामगारांमधील प्रादेशिक भेदाचे मूळ

जानेवारी २०२३ मध्ये पंजाबातील १०८ रुग्णवाहिका सेवेच्या कामगारांनी काम बंद ठेवले आणि आपल्या गाड्या लुधियानाजवळील लाढोवाल टोलनाक्यापाशी आणून उभ्या केल्या. त्यांची मागणी समजण्यास अवघड नव्हती. मधली खासगी कंपनी काढून टाका, आम्हांला आरोग्य खात्याच्या सेवेत घ्या, आणि शेजारच्या हरियाणात याच कामाला जे वेतन मिळते ते आम्हांलाही द्या, असे ते म्हणत होते. कामगार शेजारच्या राज्याकडे बोट दाखवू लागला की सत्ताधाऱ्यांची मोठी पंचाईत होते. जास्त पैसे मागणाऱ्याला तिजोरी रिकामी असल्याचे सांगता येते. पण त्याच रस्त्यावर, तशीच गाडी हाकणाऱ्या, तसाच प्राणवायूचा नळकांडा बदलणाऱ्या माणसाला पलीकडे अधिक का मिळते, या प्रश्नाला तिजोरी हे उत्तर पुरत नाही.

मग उत्तरांची शोधाशोध सुरू होते. प्रत्येक राज्याची परिस्थिती वेगळी, राहणीमान वेगळे, महागाई वेगळी, असा बुद्धिवाद मांडला जातो. अर्थशास्त्राची पदवी घेतलेले लोकही तो मांडतात, आणि खेदाची गोष्ट अशी की कामगार चळवळीतील काही कार्यकर्त्यांनाही तो पटतो. म्हणून त्याची नीट तपासणी करणे आवश्यक आहे.

प्रथम पंजाब आणि हरियाणाच घ्या. हरियाणाने २००९ च्या नोव्हेंबरात १०२ या क्रमांकाने ही सेवा स्वतः सुरू केली. गाड्या, नियंत्रण कक्ष आणि कामगार जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेच्या हाती ठेवले. पंजाबने २०११ मध्ये १०८ ची सेवा सुरू केली ती खासगी कंपनीच्या हाती देऊन. दोन्ही राज्यांतील अत्यवस्थ रुग्ण शेवटी चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या तातडीच्या विभागापाशीच येऊन पोहोचतात. तेथे दोन राज्यांच्या गाड्या एकमेकींना लागून उभ्या असतात आणि दोन राज्यांचे तंत्रज्ञ एकाच दारातून स्ट्रेचर आत नेतात. त्यांच्या कामात भेद दाखवायचा तर गाडीवरील अक्षरांकडे बोट दाखवावे लागेल.

हरियाणात नंदनवन अवतरले आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. तेथील कामगार राष्ट्रीय आरोग्य अभियानाखालचे आहेत, शासनाचे कायम नोकर नाहीत. अभियानाच्या कर्मचाऱ्यांना २०१८ पासून सेवानियम लागू झाले, वेतन श्रेणीशी जोडले गेले, ते संघटनेच्या रेट्यामुळे. आणि २०२४ साली नियमित करण्याच्या मागणीसाठी त्यांनाही संपावर जावे लागले. तथापि भांडण्यासाठी त्यांच्यासमोर शासन तरी आहे. पंजाबच्या कामगारासमोर कंपनी आहे. ती शासनाकडे बोट दाखवते, आणि शासन कंपनीकडे.

आता राहणीमानाच्या युक्तिवादाकडे वळू. या बाबतीत साक्ष काढायला लाल बावट्याच्या पुस्तिकांची गरज नाही, केंद्र सरकारचीच कागदपत्रे पुरेशी आहेत. अनूप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१९ च्या प्रारंभी राष्ट्रीय किमान वेतनाविषयी अहवाल दिला. तिने जुलै २०१८ च्या किमती धरून देशाला दिवसाला ३७५ रुपये, म्हणजे महिन्याला ९,७५० रुपये, असा एकच आकडा सुचवला. त्याला पर्याय म्हणून देशाचे पाच विभाग पाडून वेगवेगळे आकडेही दिले. सर्वांत खालच्या विभागात, ज्यात बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, पश्चिम बंगाल ही राज्ये येतात, ३४२ रुपये. महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात, केरळ, तामिळनाडू यांच्या विभागात ४१४. सर्वांत वरच्या विभागात ४४७ रुपये, आणि या विभागातील राज्ये कोणती? दिल्ली, गोवा, हिमाचल प्रदेश, पंजाब आणि हरियाणा.

म्हणजे ज्या दोन राज्यांच्या वेतनातील अंतर राहणीमानाने समजावून सांगितले जाते, त्या दोन राज्यांचे राहणीमान सरकारच्या तज्ज्ञांनी एकाच रकान्यात घातले आहे. दुसरी गोष्टही लक्षात घ्यावी. सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा विभाग यांत अंतर १०५ रुपयांचे, म्हणजे एकतृतीयांशाहूनही कमी आहे. भूगोलाने पडणारा फरक जास्तीत जास्त एवढाच. त्यापलीकडचा फरक भूगोलाच्या माथी मारणे ही दिशाभूल आहे.

या अहवालाचे सरकारने काय केले? २०१७ पासून १७६ रुपये असलेली राष्ट्रीय तळपातळी २०१९ च्या जुलैमध्ये १७८ रुपये केली. तज्ज्ञांनी ३७५ सांगितले, सरकारने दोन रुपये वाढवले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आणल्या गेल्या, आणि वेतन संहितेने किमान तळवेतनाला प्रथमच कायद्याचा आधार दिला, असा मोठा गाजावाजा झाला. त्याच संहितेत वेगवेगळ्या भौगोलिक प्रदेशांसाठी वेगवेगळे तळवेतन ठरवण्याची मुभाही ठेवलेली आहे, हे मात्र हळू आवाजात सांगितले जाते.

वेतन भूगोलाने ठरत नाही याचा सर्वांत ठसठशीत पुरावा आंध्र प्रदेशात मिळतो. १०८ ची सेवा या देशात प्रथम सुरू झाली ती १५ ऑगस्ट २००५ रोजी, तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात, हैदराबादेत. सत्यम या संगणक कंपनीच्या मालकाने स्थापन केलेल्या संस्थेकडे ती होती. २००९ मध्ये सत्यमचे हिशेब खोटे असल्याचे उघडकीस आले आणि संस्था दुसऱ्या उद्योगसमूहाच्या हाती गेली. लोकांचे प्राण वाचवणारी यंत्रणा एका भांडवलदाराच्या हातातून दुसऱ्याच्या हाती बाजारातील मालासारखी गेली, आणि याच नमुन्याची कित्ता म्हणून राज्याराज्यांत नक्कल झाली. जून २०१४ मध्ये राज्याचे विभाजन झाले. पुढे १ जुलै २०२० रोजी आंध्र सरकारने हजारावर नव्या गाड्यांना झेंडा दाखवला आणि वेतनवाढ जाहीर केली. चालकांचे वेतन सुमारे १०,००० रुपये होते, ते अनुभवानुसार १८,००० ते २८,००० करण्यात आले. तंत्रज्ञांचे सुमारे १२,००० होते, ते २०,००० ते ३०,००० झाले. ३० जूनच्या रात्री विजयवाड्यातील तांदळाचा भाव तिप्पट झाला नव्हता. सरकारने सही केली, एवढेच घडले. ती सही कृष्णेच्या अलीकडे लागू होती, पलीकडे नव्हती. नऊ वर्षे एकाच राज्याच्या एकाच सेवेत काम केलेल्या माणसांमध्ये भिंत उभी राहिली ती अशी. आंध्रच्या कामगारांना मिळालेली वाढ मोलाची होती, पण सेवा चालवणारा हात तेथेही खासगीच राहिला. सरकारच्या मर्जीने आलेली वाढ श्रेणीच्या हक्काने आलेली नसते.

मग भेदाचे मूळ कोठे आहे? ते निविदेत आहे. शासन प्रत्येक गाडीमागे दरमहा किंवा किलोमीटरमागे काही रक्कम द्यायचे ठरवते आणि सर्वांत कमी रक्कम मागणाऱ्याला काम मिळते. आता कंत्राटदाराने कमी रक्कम मागायची तर कपात कशात करायची? डिझेलचा भाव त्याच्या हातात नाही. टायर, विम्याचा हप्ता, प्राणवायू, इंजेक्शने यांच्या किमती बाजार ठरवतो. घासाघीस करता येईल अशी वस्तू एकच उरते, ती म्हणजे गाडीतील माणसांची श्रमशक्ती. निविदेतील स्पर्धा ही कार्यक्षमतेची स्पर्धा असल्याचे सांगितले जाते. प्रत्यक्षात ती कोणता कंत्राटदार कामगाराला अधिक खाली दाबू शकेल याची स्पर्धा असते, आणि ज्या राज्यात संघटना दुबळी, बेकारी मोठी, तेथे तळ अधिक खोल जातो. प्रादेशिक वेतनभेद म्हणतात तो हाच.

येथे एका फसवणुकीकडे विशेष लक्ष वेधणे जरूर आहे, कारण आपले कार्यकर्तेही तिला बळी पडतात. वेतनाची तुलना महिन्याच्या आकड्यांनी केली जाते, तासांचा हिशेब कोणी करत नाही. रुग्णवाहिका चोवीस तास चालवायची तर आठ तासांच्या पाळीने तीन चालक आणि तीन तंत्रज्ञ लागतात, बदली कामगार वेगळे. पाळी बारा तासांची केली की दोन आणि दोन पुरतात. कंत्राटदाराचा वेतनावरील खर्च एका फटक्यात एकतृतीयांशाने उतरतो, आणि महिन्याचा आकडा जागच्या जागी राहतो. समजा, दोन राज्यांत मासिक वेतन सारखेच, १५,६०० रुपये आहे आणि कामाचे दिवस २६ आहेत. आठ तासांच्या पाळीत तासाला ७५ रुपये पडतात, बारा तासांच्या पाळीत ५०. वर्तमानपत्रातील तक्त्यात ही दोन राज्ये बरोबरीने उभी दिसतील. जादा कामाला दुप्पट दर हे तत्त्व तर १९४८ च्या किमान वेतन कायद्यापासून या देशात मान्य आहे. आठ तासांचा दिवस धरून त्या दराने हिशेब केला, तर बारा तास राबणाऱ्याचे दिवसाचे ६०० रुपये मूळ आणि ६०० रुपये जादा, म्हणजे महिन्याला ३१,२०० रुपये होतात. अर्धे वेतन हातावर ठेवायचे आणि त्यालाच पूर्ण वेतन म्हणायचे, असा हा प्रकार आहे. तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेशातील १०८ च्या संघटनांनी बारा तासांचा प्रश्न वारंवार लावून धरला, तो याच कारणाने.

चालकाला या सेवेत 'पायलट' म्हणतात. पदवी देण्याला पैसे पडत नाहीत.

कंत्राट बदलले की काय होते हे उत्तर प्रदेशाने जुलै २०२१ मध्ये पाहिले. प्रगत जीवरक्षक सुविधा असलेल्या गाड्यांचे काम एका कंपनीकडून दुसरीकडे गेले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ज्यांनी रात्रंदिवस रुग्ण वाहिले, त्यांना नव्या कंपनीत पुन्हा उमेदवार म्हणून उभे राहावे लागण्याची वेळ आली. वेतन आधीपेक्षा कमी देऊ करतात आणि वर प्रशिक्षणाच्या नावाने आमच्याकडेच पैसे मागतात, अशी कामगारांची तक्रार होती. त्यांनी संप केला. सरकारने अत्यावश्यक सेवा कायद्याचा बडगा उगारला आणि शेकडो जणांना कामावरून काढण्यात आले. संप करायचा म्हटले की ही सेवा अत्यावश्यक ठरते, वेतनाचा विषय निघाला की ती कंत्राटदाराची खासगी बाब ठरते. शासन मालक आहे की नाही, हे शासनाच्या सोयीने ठरते.

न्यायालयांनी या बाबतीत काही चांगली वचने उच्चारली आहेत. 'समान कामास समान वेतन' या तत्त्वाला सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये रणधीर सिंग खटल्यात घटनात्मक आधार दिला. तो अर्जदार दिल्ली पोलिसांतील चालक शिपाई होता आणि इतर खात्यांतील चालकांना अधिक का मिळते, एवढेच विचारत होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये जगजित सिंग खटल्यात त्याच न्यायालयाने हे तत्त्व हंगामी आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लावले, आणि त्या खटल्यात हरलेला पक्षकार होता पंजाब सरकार! मग सहा वर्षांनी लाढोवालला गाड्या उभ्या करण्याची पाळी का यावी? कारण हे तत्त्व मालक एक असेल तेथे लागू पडते. सत्ताधाऱ्यांनी धडा घेतला तो असा की मालकांची संख्या वाढवावी. कंत्राटी कामगारांसाठीच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांनी मूळ मालकाच्या कामगारांसारखेच काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला तेवढेच वेतन देण्याचे बंधन घातले होते. त्यावर उपाय सोपा, आरोग्य खात्यात हे पदच निर्माण करायचे नाही. तुलना करायला कायम नोकर नसला की समानता कोणाशी मागणार?

या पार्श्वभूमीवर २०२१ चा संलग्न आरोग्य व्यवसायींचा कायदा पाहावा. त्याने तातडीच्या वैद्यकीय तंत्रज्ञाला मान्यताप्राप्त व्यवसायी म्हणून गणले, राष्ट्रीय आयोग आणि नोंदवही यांची तरतूद केली. म्हणजे शिक्षणाची कसोटी देशभर एक, नोंदणी देशभर एक, जबाबदारी एक, आणि वेतन तेवढे ज्याच्या त्याच्या नशिबी. महाराष्ट्राचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झालेल्या तेथील सेवेत गाडीवर पदवीधर डॉक्टर असतो, आणि तोही कंत्राटदाराच्या पटावर. कौशल्य कमी म्हणून वेतन कमी, हा युक्तिवाद निदान तेथे तरी कोणी करू नये.

भांडवली देशांतही दुसरी रीत शक्य आहे, हे नमूद केले पाहिजे. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत २००४ पासून एक वेतनरचना आहे. कॉर्नवॉलच्या खेड्यातील रुग्णवाहिका कामगार आणि न्यूकॅसलचा कामगार एकाच श्रेणीत असतात. लंडनची महागाई मोठी म्हणून आतल्या लंडनमध्ये २० टक्के, बाहेरच्या भागात १५ आणि कडेला ५ टक्के भत्ता मिळतो, किमान आणि कमाल मर्यादेसह. प्रादेशिक फरक तेथेही आहे, परंतु तो लेखी आहे, त्याचे कारण लिहिलेले आहे, आणि तो मूळ श्रेणीच्या वर मिळतो. ही कोणा पंतप्रधानाची कृपा नव्हे. १९८९-९० च्या हिवाळ्यात तेथील रुग्णवाहिका कामगारांनी पोलीस आणि अग्निशामक दलासारखे वेतनसूत्र मिळावे म्हणून जवळजवळ सहा महिने झुंज दिली. लंडनच्या रस्त्यांवर सरकारने लष्कराच्या रुग्णवाहिका आणल्या, तरी ते हटले नाहीत. सूत्र तेव्हा मिळाले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांना पुन्हा संपावर उतरावे लागले.

आता चळवळीतील एका आक्षेपाचा परामर्श घेतला पाहिजे. आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, राष्ट्रीय वेतनश्रेणी मागणे म्हणजे राज्यांच्या अधिकारांवर केंद्राचे अतिक्रमण ओढवून घेणे, असे काही साथींचे म्हणणे आहे. हेतू प्रामाणिक आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा खर्च बहुतेक राज्यांत केंद्र आणि राज्य ६० आणि ४० या प्रमाणात उचलतात, डोंगरी आणि ईशान्येकडील राज्यांत ९० आणि १०. म्हणजे केंद्र पैसा देते, आणि पैशाबरोबर अटीही घालते. कोणत्या अटी? पंजाबने आरोग्य केंद्रांना केंद्राने ठरवलेले नाव न देता आपले नाव दिले म्हणून २०२३ मध्ये अभियानाचा निधी अडवला गेला. दारावरच्या पाटीसाठी निधी रोखणारे केंद्र, गाडीतल्या माणसाला अमुक वेतन मिळालेच पाहिजे अशी अट मात्र घालत नाही. राज्यांच्या अधिकारांवर अतिक्रमण होतेच आहे, ते पाट्यांसाठी होते. तळाची श्रेणी देशभर एक ठरावी, तिच्यासाठी केंद्राने पैसा द्यावा आणि तिच्यावर जाण्यास राज्यांना मोकळीक असावी, या मागणीने कोणत्याही राज्याचा हक्क कमी होत नाही.

दुसरी अडचण घरची आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. केरळात डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये 'कनिव १०८' सुरू केली. ३१५ गाड्यांचे हे जाळे करोनाकाळात कसोटीला उतरले. परंतु तेही खासगी संस्थेच्या हाती देण्यात आले, आणि २०२४ मध्ये वेतन थकले तेव्हा सिटूच्या झेंड्याखालील कामगारांना तेथेही आंदोलन करावे लागले. केंद्राने निधीची कोंडी केली हे खरे आहे, आणि ते मांडलेच पाहिजे. पण कंत्राटदार हा कंत्राटदारच असतो, त्याला काम देणाऱ्या मंत्रिमंडळाचा रंग कोणताही असो. हरियाणासारख्या राज्याने, जेथे डाव्यांचे सरकार कधीही नव्हते, मधला माणूस न ठेवता सेवा चालवून दाखवली असेल, तर ते अशक्य आहे असे आपल्या पक्षाच्या सभेत तरी कोणी म्हणू नये.

२०२० च्या मार्चअखेरीस केंद्र सरकारने करोनाशी झुंजणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचा विमा जाहीर केला. त्यात कंत्राटी आणि बाहेरून घेतलेले कर्मचारीही धरले होते. रक्कम पाटण्यात ५० लाख, पणजीत ५० लाख, लुधियानात ५० लाख. राहणीमानाचा प्रश्न तेव्हा कोणालाही सुचला नाही. कामावर मेलेल्या माणसासाठी देशभर एक आकडा एका दिवसात ठरवता आला होता.

या पत्राचे मराठी वाचक इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, पणजी अशा ठिकाणी विखुरलेले आहेत, आणि प्रत्येकाच्या राज्यात १०८ चा वेगळा करार आहे. करार हा सार्वजनिक पैशाचा असल्यामुळे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली तो मागता येतो, मुदत केव्हा संपते हेही विचारता येते. नवी निविदा निघण्यापूर्वी प्रत्येक जिल्ह्यातील कामगार संघटनेच्या हाती दोन आकडे असले पाहिजेत : शासन एका गाडीमागे दरमहा कंत्राटदाराला किती देते, आणि त्या गाडीवरील दोन चालक व दोन तंत्रज्ञ यांच्या हातात त्यातले किती पडते.